एफ्राइमचा तिसरा मुलगा

युनिस ब्रॅकलीच्या टेबलाला आता एकच खुर्ची पुरत असे.

दर ऑगस्टमध्ये नॉर्थ एल्डनच्या जुन्या चर्चमागच्या हिरवळीवर ब्रॅकली कुळाचा मेळावा भरायचा. मूळपुरुष एफ्राइम ब्रॅकली इंग्लंडहून जहाजाने आला, त्याला तीन मुलगे झाले, म्हणून जेवायला बसायचं ते तीन शाखांनी. थोरल्या केलबचा विस्तार एवढा, की टेबलाला टेबलं जोडत न्यावी लागत. मधल्या जोसायाची माणसं पार ओहायोहून गाड्या भरून येत. आणि मेपलच्या सावलीत निळ्या कापडाचं टेबल असे, ते धाकट्या नेथनचं. युनिस लहान असताना त्या टेबलावर कोपराला कोपर लागायचं. मग कुणी युद्धात गेलं, कुणी म्हातारपणाने, कुणाला मूलबाळच झालं नाही. भाऊ वॉरन गेला आणि नेथनच्या शाखेत ती एकटी उरली. तरी टेबल मांडलं जाई. काकवी घालून शिजवलेल्या बीन्सचं मातीचं भांडं ती घरून आणी, निळं कापड चारही बाजूंनी सारखं करी आणि बसे.

"काय गं युनिस, आज तुमच्या टेबलावर भांडणं नाहीत वाटतं?" मार्शल दरवर्षी विचारायचा. तो केलबच्या शाखेतला, कुलमंडळाचा अध्यक्ष. गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं.

"आमच्यात सगळं एकमताने होतं," ती म्हणायची.

दोघंही हसायची. विनोद शिळा होता, पण तो करायला कुणीतरी आपल्या टेबलापाशी येतं, ही गोष्ट युनिसच्या लेखी लहान नव्हती.

एरवी तिच्या घरी कुणी येत नसे. उभी हयात तिने गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतरांचे आवाज एकमेकांना जोडून देण्यात घालवली होती. कुणाचा मुलगा कुणाला फोन करत नाही, कोणती बाई रडू आवरून बोलते, सगळं तिला ठाऊक असायचं. पुढे आपोआप जोडणारी यंत्रं आली, एक्स्चेंज बंद झालं, आणि तिच्या स्वतःच्या घरातला फोन आठवडेच्या आठवडे न वाजता भिंतीवर लटकत राहिला. थंडीत खिडकीपर्यंत बर्फ साचला की ती रेडिओ लावून ठेवी. ऐकायला नव्हे, घरात दुसरं कुणीतरी बोलावं म्हणून.

तिला माणसांत ठेवलं होतं ते कुळाच्या पुस्तकाने. ऐंशी वर्षांपूर्वी सायलस ब्रॅकली नावाच्या पाद्र्याने ते छापलं होतं. भक्तिभाव भरपूर, हिशेबाच्या नावाने आनंद. त्यात एक बाई स्वतःच्या दफनानंतर बाळंत झाली होती, आणि एका गृहस्थाने वयाच्या सातव्या वर्षी लग्न केलं होतं. नवी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा चुका दुरुस्त करायचं काम मंडळाने युनिसवर सोपवलं. ती गावोगावच्या दप्तरांत बसे, दफनभूमींत गुडघे टेकून दगड वाचे. अक्षरं झिजलेली असली की बाजूने आरसा धरून त्यावर तिरपं ऊन पाडायचं. सपाट वाटणाऱ्या दगडातून नाव हळूहळू वर येतं. ते वर येताना पाहणं तिला आवडायचं. असं वाटे, कुणीतरी हाकेला ओ दिली.

कामात ती कुणाची भीड ठेवत नसे. मार्शलची बायको बर्निस आपला पणजोबा जहाजाचा कप्तान होता असं सांगत असे. युनिसने कागद काढून दाखवले, तो जहाजावरचा आचारी निघाला. बर्निस वर्षभर तिच्याशी बोलली नाही. "आचारी तर आचारी, पण चांगला होता असं तरी लिही!" असं म्हणत शेवटी तिनेच अबोला सोडला. टोलिडोच्या ब्रॅकलींचं मात्र हसण्यावारी गेलं नाही. ते मेळाव्याला मोठ्या हौसेने येत, ब्लूबेरीचं सारण भरून भाजलेल्या पाय आणत. त्यांचा पूर्वज वेगळ्याच ब्रॅकलींतला निघाला. युनिसने त्यांना नीट, सभ्य शब्दांत पत्र लिहिलं. त्यांच्यातली मर्टल नावाची म्हातारी दर नाताळला युनिसला कार्ड पाठवत असे. त्या वर्षापासून कार्ड आलं नाही.

एप्रिलमध्ये जमीन सैल झाली. हिवाळ्यात गोठलेली माती फुगते आणि दफनभूमीतले जुने दगड वाकडे करून सोडते. वसंतात ते सरळ करायचं काम अल्विन डूलीकडे असे. एका सकाळी त्याचा फोन आला.

"मिस ब्रॅकली, तुमचा एक पोरगा आडवा झालाय. उचलण्याआधी बघणार असाल तर या. लवकर या बरं, माझी कंबरही त्याच्याच वयाची आहे."

तो दगड युनिसला माहीत होता. छोटा, काळसर पाटीचा, वर पंख असलेली कवटी कोरलेली. 'नेथन, एफ्राइम आणि मर्सी ब्रॅकली यांचा मुलगा' एवढंच त्यावर दिसायचं. बाकी दगड शतकानुशतकं खाली खचत गेला होता. पाद्री सायलसनेही तेवढंच वाचलं होतं, आणि त्यावरून जे कुणीही म्हटलं असतं तेच तो म्हणाला होता: हे आधीचं मूल. त्या काळी घरात मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत. एका बाईच्या पोटी तीन-तीन एलिझाबेथ सापडतात. तेव्हा हा नेथन लहानपणी गेला, मग दुसरा नेथन झाला, तो मोठा होऊन नदीच्या वरच्या अंगाला स्टिलब्रुकला जाऊन राहिला, आणि त्याच्यापासून युनिसची शाखा निघाली. युनिसलाही यात कधी शंका आली नव्हती.

अल्विनने पहारीने दगड वर घेतला आणि ओल्या फडक्याने त्याचा खालचा भाग पुसला. मातीखाली ऊन-पाऊस लागला नव्हता. अक्षरं काल कोरल्यासारखी धारदार होती.

'वय वर्षे चार. मृत्यू ऑक्टोबर १६७९.'

"काय रेखीव अक्षर आहे!" अल्विन म्हणाला. "हल्लीचे लोक असं कोरतात का? हल्ली पैसे मोजा आणि... मिस ब्रॅकली? बसता का जरा?"

"नको. गवत ओलं आहे," युनिस म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

एफ्राइम ब्रॅकली कसा गेला हे त्या कुळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दर मेळाव्यात ती गोष्ट सांगितली जाई: १६७८च्या जानेवारीत गोठलेली नदी बैलांसह ओलांडताना बर्फ फुटला. बैल वर आले, एफ्राइम आला नाही. म्हणजे या दगडाखालचा नेथन गेला तेव्हा बापाला जाऊन दीड वर्ष उलटलं होतं. त्याचं नाव द्यायला पुढचं मूल होणारच नव्हतं.

दुसरा नेथन नव्हता.

मे आणि जून तिने स्टिलब्रुकचा नेथन मग कोण, हे शोधण्यात घालवले. एफ्राइमला इकडे भाऊ होता का, पुतण्या होता का, केलबला त्या नावाचा मुलगा होता का. स्टिलब्रुकला जाऊन तिने आपल्या पूर्वजाच्या दगडावर पुन्हा आरसा धरला. त्यावर मृत्यूचं साल आणि वय होतं. जन्माचं गाव नव्हतं, आईबाप नव्हते. पंचविशीच्या सुमारास कुठूनसा नेथन ब्रॅकली म्हणवणारा एक माणूस त्या गावात आला, त्याने जमीन साफ केली, लग्न केलं. त्याआधी तो कुठेच नव्हता. एखाद्या ब्रॅकलीच्या घरी राबायला ठेवलेला पोरका मुलगा असेल आणि त्याने मालकाचं नाव घेतलं असेल. किंवा तसंही नसेल. परतताना बसमध्ये युनिसने आपले हात पाहिले. उजवी करंगळी जराशी वाकडी. "ही ब्रॅकलींची करंगळी," असं वडील सांगायचे. कुणाची होती मग ती?

जुलैत ती मार्शलच्या दुकानात गेली. तो खिळे तोलत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने खिळ्यांची पिशवी बांधली, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि दारावरची 'बंद'ची पाटी फिरवली.

"अल्विनने तो दगड परत बसवला ना?"

"बसवला."

"जुन्या खुणेपर्यंत? म्हणजे खालची अक्षरं मातीत?"

"मार्शल."

"अगं, मी विचारतोय फक्त. हे बघ, केलबची शाखा पक्की, जोसायाची पक्की. तुझ्या शाखेत तुझ्यामागे कोण आहे? यातून कुणाचं काय बिघडतंय? तू आणि मी सोडून हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

"बिघडत काहीच नाही. एकच पान कमी होईल."

"मग कशाला जिवाला लावून घेतेस? छाप आहे तसं. मी अध्यक्ष म्हणून सांगतो."

युनिस काउंटरवरचा एक सुटा खिळा बोटाने फिरवत राहिली. "टोलिडोच्या लोकांना मी पत्र लिहिलं, तेव्हा तू काय म्हणाला होतास? युनिस, तुझ्यामुळे पुस्तकाला इज्जत आहे."

"ते लोक वेगळे होते. ते परके..." मार्शल थांबला.

बाहेर कुणीतरी दार ढकलून पाहिलं आणि निघून गेलं.

"त्यांच्या ब्लूबेरी-पाय चांगल्या असायच्या," तो म्हणाला.

"हो. बर्निसपेक्षा."

"तिला सांगू नकोस," मार्शल म्हणाला. तिने खिळा परत पेटीत टाकला आणि ती निघाली.

त्या आठवड्यात तिने पुस्तकातलं नेथनचं प्रकरण काढून टाकलं. एफ्राइमच्या तिसऱ्या मुलापुढे लिहिलं: वयाच्या चौथ्या वर्षी मृत्यू, वंश नाही. स्टिलब्रुकच्या नेथनला काढून कुठे ठेवायचं हे मात्र तिला ठरवता येईना. ऐंशी वर्षं तो दुसऱ्याच्या मुलाच्या जागी झोपला होता, आणि आता त्याच्यावरचं पांघरूणही ती ओढून घेत होती. अख्ख्या जगात त्याचं म्हणावं असं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. शेवटी तिने त्याच्यासाठी वेगळा कोरा कागद घेतला, वर त्याचं नाव लिहिलं, आईबापाच्या जागी रेघ ओढली, आणि खाली एकामागून एक नावं उतरवत आपल्या स्वतःपर्यंत आली. सगळं मिळून एका पानात मावलं.

ऑगस्टमध्ये जायचं की नाही, हे तिने शनिवारी सकाळपर्यंत ठरवलं नव्हतं. पण बीन्स आदल्या दिवशीच भिजत घातले होते.

ती हिरवळीवर पोचली तेव्हा सभा नुकतीच सुरू होत होती. तिने उभं राहून दुरुस्त्या वाचल्या: जोसायाच्या शाखेतल्या दोन, केलबच्या शाखेतली एक, आणि मग नेथनची. आवाज कापला नाही. इतकी वर्षं फोनवर अनोळखी लोकांना वाईट बातम्या जोडून देताना तो कधी कापला नव्हता. कुणीतरी मागून विचारलं, "म्हणजे युनिस आता कोण?" त्याला त्याच्या बायकोने कोपराने ढोसलं. मार्शल घाईघाईने उठला. युनिस ब्रॅकली यांना मंडळाचं मानद सदस्यत्व द्यावं, असा ठराव त्याने मांडला. सगळ्यांनी हात वर केले. कुणाचाही विरोध नव्हता. युनिसने मान लववली.

मेपलखाली टेबल मांडलेलं होतं. निळं कापड, एक खुर्ची. बर्निस बाजूला कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मीच मांडलंय," ती म्हणाली. "माझ्या पणजोबाला तू आचारी केलंस, तरी मी टेबल सोडलं का? बस गप."

"ते नेथनचं टेबल आहे, बर्निस."

"असू दे की. चार वर्षांचं पोर, त्याला कुठे एवढं मोठं टेबल लागतंय?"

युनिसला हसू आलं, आणि हसता हसता तिला जाणवलं की आपल्याला इथे बसता येणार नाही. तिने भांडं गवतावर ठेवलं, कापडाची दोन टोकं धरली. बर्निसने तिच्याकडे पाहिलं आणि दुसरी दोन धरली. दोघींनी मिळून कापडाची घडी घातली.

"चल मग आमच्यात," बर्निस म्हणाली. "ए, सरका रे पोरांनो, आंट युनिसला जागा द्या!"

केलबच्या लांबलचक टेबलावर लोक सरकले. फार सरकले; तिच्या दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा राहिली. दुसऱ्या टोकाला कुणीतरी हॅमच्या कापांची मोठी थाळी उघडली. त्या टेबलावर एरवी नुसती झुंबड असे. हात लांब करून ज्याने त्याने ओढून घ्यायचं, "आमच्यासाठी ठेव रे हावरटा" असं ओरडायचं, काटे एकमेकांवर आपटायचे. एक मुलगी थाळीकडे झेपावली तसा तिच्या आईने तिचा हात धरला.

"थांब. आधी आंट युनिसना."

थाळी हातोहात टेबलाच्या त्या टोकापासून तिच्यापर्यंत आली. कुणी तिच्यातून काही उचललं नाही. सगळे हात आवरून, हसऱ्या चेहऱ्यांनी ते तिच्याकडे बघत थांबले होते.

युनिसने एक पातळ काप घेतला.

"थँक यू," ती म्हणाली, आणि थाळी पुढे दिली.