मोकळा बसलेला प्रोसेसर

गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते मी 'नको' म्हणतो म्हणून. जुळे सोलापुरात कॉम्प्युटरची दुकानं ढीगभर, नवा माल गळ्यात बांधणारेही ढीगभर. मी मात्र जुनं मशीन उघडतो, धूळ झटकतो आणि सांगतो, अजून तीन वर्षं हलवू नका. या खरेपणाचा मला माज होता. त्याच माजापायी एका गरीब माणसाच्या पोटावर पाय पडला, आणि तो पाय माझा होता.

महादेवप्पा वळसंगचे. रोज एसटीने यायचे; कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. एका टॉवेलच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते डिझाइन काढत होते. आधी चौकटीच्या कागदावर. एक घर म्हणजे एक धागा. घर रंगवलं की धागा वर, मोकळं सोडलं की खाली. कॉम्प्युटर आला तेव्हा तोही शिकले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पडद्यावरचा मोर ते इतका मोठा करायचे की मोर दिसेनासा व्हायचा, नुसती घरं उरायची, आणि त्या घरांकडे तासन्‌तास बघत बसायचे. ओठ तेवढे हलायचे. भस्म लावणारा माणूस, मला वाटायचं जप चाललाय. कामाच्या वेळेत! दुरुस्तीला गेलो की मी चेष्टा करायचो, "अप्पा, देवाला जरा सुट्टी द्या की." ते नुसते हसायचे, नजर पडद्यावरच.

मागच्या मार्चमध्ये कारखान्याच्या मालकांनी, ऋतुराजशेठनी, मला बोलावलं. तरुण माणूस, वडिलांमागे कारभार हातात आलेला. म्हणाले, "धनाजीभाऊ, एका डिझाइनला आठ-आठ दिवस जातात. शेजारचा कारखाना दोन दिवसांत नमुना पाठवतो. आमचं मशीनच म्हातारं झालंय. तो सोळा कोरचा नवा प्रोसेसर आलाय ना, सगळ्यात वरचा? तोच टाकून द्या."

अप्पा समोरच बसले होते, माऊसवर हात ठेवून, नजर पडद्यावर. मी त्यांना जरा बाजूला व्हायलाही सांगितलं नाही. कीबोर्डवरूनच पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारा आलेख उघडला.

"शेठ, पैसे पाण्यात घालू नका. हे बघा, चार टक्के. शंभरातले शहाण्णव टक्के हा मोकळा बसलाय. सोळा कोरचा टाकलात तर तोही मोकळाच बसेल, वर आपल्या उन्हाळ्यात तापेल ते वेगळंच."

"मोकळा बसलाय? मग आठ दिवस जातात कशात? अप्पा?"

अप्पांनी मान वळवली नाही. डावं बोट वर केलं, थांबा म्हणून. ओठ हलत होते.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी हसून म्हणालो, "त्यांचा जप चाललाय, शेठ."

शेठ हसले नाहीत. त्यांनी आलेखाकडे बघितलं, मग अप्पांच्या त्या न हलणाऱ्या हाताकडे. काहीतरी खोटं सांगायला अजूनही वेळ होता. मेमरी कमी पडतेय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला माझं नाव प्यारं होतं.

महिन्याभरात अप्पांना निरोप मिळाला. शाल, नारळ, टॉवेल-टोपी, आणि तो जुना कॉम्प्युटर. त्यांच्या जागी आलेल्या उत्कर्षाला नवं मशीन लागलं, तेव्हा शेठनी तोच सोळा कोरचा प्रोसेसर माझ्याच हातानं बसवून घेतला. तो दोन टक्क्यांवर चालतो. डिझाइन दोन दिवसांत होतं, त्यामुळे कुणी आलेख बघत नाही.

गेल्या सोमवारी अप्पा दुकानात आले. जुनं मशीन निरोपाच्या टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं.

"ह्यात त्यो नवा प्रोसेसर बसंल का रे? घरी डिझाइन काढीन म्हणतो. पाच ठिकाणी फिरून आलो. समदे म्हणत्यात, तुमी लई हळू. मशीन फास्ट असलं तर कुणीतरी देईल की काम. अक्कम्मा म्हणती, म्हस इकू."

अक्कम्मा म्हणजे त्यांची बायको. घरात आता पैसा येतो तो त्या म्हशीच्या दुधाचाच.

"नको, अप्पा. म्हैस विकू नका," मी म्हणालो. नवा प्रोसेसर त्या बोर्डावर बसतच नव्हता, आणि बसला असता तरी काय? तेच माझं 'नको'. या वेळी तोंडात कडू लागलं.

ते टॉवेलाच्या किनारीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी तू मशीन मोकळं बसलंय म्हणलास. मोकळं न्हवतं रे. मी कानडीत घरं मोजत हुतो. ओंदु, एरडु, मूरु... थोरल्या शेठच्या वक्ताला माझं एक घर चुकलं आन् चार हजार टॉवेल परत आलते. तवापासनं मोजतो. पुन्यांदा एकबी आला न्हाय."

"अप्पा, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मधीच बोललो की पयल्यापासनं मोजावं लागतं. म्हणून तर बोट वर केलं हुतं," अप्पा म्हणाले. "थोडीच ऱ्हायली हुती."