वास येतोय का बघ

"वास येतोय का बघ," असं म्हणत ते बॅटरीपासून बाजूला सरकायचे आणि दारात उभी असलेली त्यांची बायको पुढे येऊन वाकायची. तिने मान हलवल्याशिवाय पाना हातात घ्यायचे नाहीत.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका दवाखान्यात मी नर्स होते. शुक्रवारी वीज जायचीच, म्हणून नव्वद सालाच्या आगेमागे आमच्या डॉक्टरांनी इन्व्हर्टर घेतला. त्याची देखभाल करायला हे जोडपं बदलापूरच्या हेंद्रेपाड्याहून मोपेडवर यायचं. पुढे काका, मागे काकू, काकूंच्या मांडीवर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. तुम्हीही हसला असतात. आमचे सिंधी डॉक्टर तर दर वेळी म्हणायचे, "क्या काका, शादी कल हुई क्या?" काका लाजून कॅनचं झाकण शोधायला लागायचे.

कामाला मात्र चोख. टर्मिनलवर साठलेला पांढरा थर सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचे, ग्रीस लावायचे, प्लेटा बुडतील एवढंच पाणी घालायचे. कुणी नळाचं पाणी ओतलेलं कळलं की खवळायचे.

"ताई, पेशंटला गटाराचं पाणी पाजता का तुम्ही?"

"मी नाही, झाडूवालीने घातलं."

"मग तिला सांगा, लादी पुस नि घरी जा!"

एकदा इन्व्हर्टर फारच तापायला लागला. काका बॅटरीवर ओणवे होऊन झाकणं उघडत होते. काकू दारातून आत आल्या आणि त्यांनी झटकन पदर नाकाला लावला. "येतोय हो. सडक्या अंड्याचा." काकांनी तडक स्विच बंद केला, खिडक्या उघडल्या. बॅटरी भरली तरी चार्जिंग थांबत नव्हतं, आतलं पाणी उकळून काडीनेही पेटेल असा गॅस सुटत होता. मला तो वास सकाळपासून येत होता, मी आपली ड्रेनेजला शिव्या घालत बसले होते. पण काकांचं नाक तर बॅटरीला टेकलं होतं की!

मी काकूंकडे बघितलं. काम आटोपल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं. "ताई, कुठं बोलू नका. यांचं नाक गेलंय. सारा जन्म अ‍ॅसिडच्या खोलीत गेला. आता रॉकेल काय नि मोगरा काय, सगळं सारखंच. लोकांना कळलं तर बॅटरीला हात कोण लावू देईल?"

त्यानंतर डॉक्टरांच्या त्या विनोदावर मला कधी हसू आलं नाही.

पुढे काकू काविळीने गेल्या. तेरावं झाल्यावर काका एकटेच आले. कॅन मागच्या सीटला दोरीने बांधला होता. झाकणं उघडून ते सवयीने बाजूला सरकले, दाराकडे बघून "वास येतोय..." म्हणाले. मला इतकं भरून आलं! हातातले केसपेपर टाकून मी दारातून पुढे झाले, वाकले.

"नाही येत, काका."

मला सगळं ठाऊक आहे हे त्यांना तेव्हा कळलं. "बरं," म्हणाले आणि पाना उचलला.

मग दर खेपेला तेच. एकदा मी विचारलं, "घरी बॅटऱ्या चार्जिंगला लावता, तिथं कोण सांगतं?"

"ओटीवर ठेवतो ना. वारा असतो."

"आत घेऊ नका हं, सांगून ठेवते."

"नाय घेत, ताई."

श्रावणात झड लागली. ओटीवर पाणी चढलं, तशा त्यांनी बॅटऱ्या आत घेतल्या आणि सरी आत येतात म्हणून खिडकीही लावली. दिवेलागणीला काकूंच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला त्यांनी काडी ओढली. खोलीत कोंडलेल्या गॅसने पेट घेतला. इस्पितळात पोचेपर्यंतही राहिले नाहीत.

मी गेले तेव्हा शेजारीण रडत होती. "वास दुपारपासून येत होता हो. म्हटलं, काका आत आहेत, त्यांना कळत असेलच."

मी घरी आल्यावर रडले, चिडलेही. ज्या उदबत्तीचा वास येत नाही, ती रोज कशाला लावायची माणसानं?

पुढच्या महिन्यात नवा मेकॅनिक आला. हुशार होता, मीटर लावून सगळं तपासत होता. त्याने बॅटरीची झाकणं उघडली आणि मी हातातलं काम टाकून दारातून पुढे गेले, वाकले.

"नाही येत," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. "काय नाही येत, ताई?"