ट्रॅक्टरच्या टेपातला पेनड्राइव्ह

माझ्या लॅपटॉपवर गेम अडकत अडकत चालायचा. शत्रू समोर आला की पडदा गोठायचा, आणि सुरू होईस्तोवर मी मेलेली असायचे. ऑनलाइन सोबत खेळणारे म्हणाले, विंडोज काढ, लिनक्स टाक. पण लिनक्सचे प्रकार ढीगभर. त्यांना डिस्ट्रो म्हणतात, आणि कुठली घ्यावी यावरून लोक हमरीतुमरीवर येतात.

दिवाळीच्या सुट्टीत सौंदडला घरी आले, तेव्हा आठ दिवस मी हेच वाचत होते. एक डिस्ट्रो नवख्यांसाठी सोपी, पण ग्राफिक्ससाठी लागणारे नवे ड्रायव्हर तिच्यात उशिरा येतात. दुसरी रोज अपडेट होते, पण एखाद्या सकाळी सुरूच होत नाही म्हणे. तिसरी खास गेमवाल्यांची, सगळं आधीच भरलेलं. मी मुळातच भित्री. जिथे तिथे लिहिलेलं, चुकलात तर सगळं पुसलं जाईल. म्हणून लॅपटॉपमधली एकूणएक फाइल मी दोन ठिकाणी उतरवून ठेवली आणि मगच तिसरी निवडली.

ती टाकायला पेनड्राइव्ह हवा होता. घरात एकच होता, काकाजींच्या ट्रॅक्टरच्या टेपात. त्यात गाणी वाजायची. गाणी काय, पुन्हा भरता येतात. दुपारी काकाजी जेवून पडले होते, मी हळूच तो काढून आणला. 'यातलं सगळं पुसलं जाईल' असं पडद्यावर आलं, तेव्हा आठ दिवस लॅपटॉपसाठी घाबरलेल्या मी बिनधास्त 'हो' दाबलं.

संध्याकाळी अंगणातून आवाज आला. "टेपातला पेनड्राइव्ह कोनं नेलन?"

काकाजी चिडले की हाताशी येईल ते विहिरीत जातं. आजवर दोन बादल्या आणि बाबांची छत्री गेली आहे. तरी बाहेर गेले.

"मीच नेला, काकाजी. गाणी गेली त्यातली. उद्या परत भरून देते."

"गाने गेले तं जाऊ दे. माहा पार्ट कुठी हाय?"

मग कळलं. चार दिवसांवर गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती; त्या रात्री गावात नाटक होतं. मंडईच्या नाटकात काकाजी वर्षानुवर्षं भाला धरून उभे राहणारे शिपाई. यंदा पहिल्यांदा त्यांना राजाचा पार्ट मिळाला होता. काकूनं सगळी वाक्यं वाचून फोनवर रेकॉर्ड केली, पेनड्राइव्हवर टाकली आणि जागा नाही म्हणून फोनमधून काढून टाकली. काकाजी धान आणता-नेता ती ऐकत होते. काकू कालच माहेरी गेली होती.

पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम धावत जाऊन लावून पाहिला. चार-दोन गाण्यांचे तुकडे आले, काकूचा आवाज नाही. मी परत अंगणात आले तेव्हा काकाजी तिथेच उभे होते. आता विहिरीत लॅपटॉप जाणार, असं मी धरूनच चालले.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "पण तुमच्याजवळ पार्टाची वही आहे ना? त्यातून पाठ करा ना."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून वही काढली, तिच्याकडे पाहिलं आणि माझ्यापुढे धरली. माझ्या नजरेला नजर देईनात. ज्यांच्या आवाजानं मी लहानपणी खाटेखाली लपायचे, ते काकाजी मला घाबरले होते.

"तुह्या काकूलेच मालूम हाय," ते म्हणाले. "बाकी कोनाले नाई."

मला रडूच आलं. घराण्यात कॉलेजला जाणारी पहिली म्हणून माझं कौतुक करत हिंडणारा हा माणूस, आणि त्याला वाचता येत नाही हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मी वही घेतली आणि पहिलं पान उघडलं.

"थांब व बाई," काकाजी म्हणाले. शेजारच्या अंगणात माणसं बसली होती. ते ट्रॅक्टरवर चढले, मला बाजूच्या चाकावरच्या पत्र्यावर बसवलं आणि इंजिन सुरू केलं. सगळं अंगण धडधडायला लागलं.

मग कान माझ्या तोंडाजवळ आणून म्हणाले, "हं. आता वाच."