बाजूला जाणारा आवाज

आमच्या घरात शाईच्या पेनाला बंदी होती. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर आई हिंदमाताच्या दुकानांतून साड्या आणून त्यांना फॉल लावायची. लालबागच्या आमच्या एका खोलीत खाटेवर, दोरीवर, पत्र्याच्या पेटीवर लोकांच्या साड्या पसरलेल्या असायच्या. शाईचा एक ठिपका पडला असता तर आईचं काम गेलं असतं. म्हणून आम्ही भावंडं पेन्सिलीने लिहायचो. शाळेतल्या बाई रागवल्या तर आई म्हणायची, बाईंना सांग, मोठी झाले की पेनाने लिहीन. मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यात पहिली. विमा कंपनीत नोकरी धरली, संसार केला आणि चाळिशीनंतर माझा पहिला कथासंग्रह निघाला. तेव्हा लोक विचारायचे, घरात लिखाणाचं वातावरण होतं का? वातावरण नव्हतं. साड्या होत्या.

पण त्या संग्रहाचं जे काही बरं झालं, त्यात सोनूतात्यांचा हात होता, आणि ते आता सांगायला हवं.

सोनू घाडी आमच्या शेजारच्या खोलीतले. दिवसा गिरणीत कामाला आणि संध्याकाळी गिरणगावातल्या कामगारांच्या नाटकांचे प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहायचं, नट अडला की त्याला पुढचं वाक्य द्यायचं, आणि ते प्रेक्षकांना कळू द्यायचं नाही. नाटकं संपली, गिरणी संपली, सवय राहिली. समोरचा माणूस बोलता बोलता अडखळला की तात्या पुढचा शब्द हळूच पुरवायचे. त्यांची बायको, आमच्या काकू, त्यांना बोलत असायच्या, "तुमच्यासारखो माणूस म्हणजे..." आणि शब्द शोधत थांबायच्या, की तात्या खालच्या आवाजात द्यायचे, "बिनकामाचो." काकू तोच शब्द उचलून भांडण पुढे न्यायच्या.

माझे प्रकाशक सरळ म्हणाले होते की नव्या लेखकाचं पुस्तक कपाटातून कोणी उचलत नाही, तुम्ही ग्रंथालयांत जा, मंडळांत जा, वाचून दाखवा. पहिला कार्यक्रम दादरच्या एका छोट्या सभागृहात झाला. माझी वीतभर जीभ त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे. मान खाली घालून मी जी वाचत सुटले ती शेवटच्या ओळीलाच थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुस्तकं तशीच टेबलावर राहिली. तात्या खुर्च्या सोडून बाजूच्या भिंतीला टेकून उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "वाचतंस की बस पकडतंस?"

दुसऱ्या दिवसापासून मी रोज ऑफिसातून माहेरच्या चाळीत जायला लागले आणि तात्यांनी मला त्यांच्या खोलीत शिकवायला घेतलं. मी ओट्याकडे तोंड करून उभी, तात्या माझ्या डाव्या हाताला पुस्तक धरून पाटावर, आणि काकू विळीवर मासे कापत प्रेक्षक. तात्यांचं सगळं लक्ष थांबण्यावर. म्हणायचे, "तुझो श्वास बघू नको, त्यांचो बघ. लोक मागे रवले तर गोष्ट एकटीच घराक जाता." मी घाई केली की पुस्तकावर एक टिचकी. महिनाभरात माझं पुस्तक त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ झालं. परळला एका महिला मंडळात मी पुन्हा वाचलं, तर मागच्या रांगेतली एक बाई कथा संपल्यावर बराच वेळ पदर तोंडाला लावून बसली होती. त्या दिवशी आणलेली पुस्तकं कमी पडली. तात्या कडेला उभे होते, ओठ हलत होते.

काकूंनी एकदा मासे धुता धुता सांगून टाकलं, "सगळो जन्म नाटक केल्यानी, पण ह्येंचा एक वाक्य माका ऐकूक गावला नाय. एकदा उजेडात बसान बोलूक होया, ह्यां मनात आसा. बोलूचे नाय." तात्या म्हणाले, "गप गो." पण नाही म्हणाले नाहीत.

गिरगावच्या एका जुन्या ग्रंथालयाचं बोलावणं आलं तेव्हा मी तात्यांना म्हटलं, दोन कथा मी वाचते, एक तुम्ही वाचा. त्यांनी उडवून लावलं. माझा काय संबंध, लोक लेखिकेला बघायला येतात, असं बरंच काही बोलले. चार दिवसांनी जिन्यात गाठून विचारलं, "खयची गोष्ट म्हणतंस?" मी म्हटलं, खिडकीची. ती संग्रहातली पहिलीच कथा, आमच्याच खोलीवरची. मग पांढरा सदरा इस्त्रीला गेला. दाढी नाक्यावरच्या सलूनमध्ये करायची ठरली. काकूंनी ठेवणीतली साडी काढली आणि अख्ख्या मजल्याला कळलं की घाडी गिरगावात वाचणार.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी माझे वडील चहा पिता पिता खाटेवर कलंडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून मी तात्यांना फोन केला की मला येता येणार नाही, सगळं तुम्हीच सांभाळा. ते वडिलांविषयी विचारत राहिले. मीच म्हटलं, तात्या, तुम्ही जा, काकू तयार होऊन बसल्या असतील.

पुढचं काकूंनी सांगितलं. सभागृह भरलं होतं. तात्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं, समोर माइक, वर दिवा. त्यांनी पुस्तक उघडलं, अर्धं वाक्य कुजबुजले आणि थांबले. लोकांना वाटलं माइक बिघडला. कोणीतरी उठून तो सारखा केला. तात्यांनी पुढचं अर्धं वाक्य दिलं, पुन्हा थांबले. वाट बघत राहिले. पुढून कोणीतरी म्हणालं, काका, जरा मोठ्याने. त्यांनी मान हलवली, पण आवाज तेवढाच आला, आणि थांबणंही तसंच. जन्मभर त्यांनी वाक्य दिलं होतं आणि दुसऱ्याने ते उचललं होतं. इथे उचलायला कोणी नव्हतं. एक पान कसंबसं झालं. मग त्यांनी पुस्तक मिटलं, हात जोडले आणि म्हणाले, "बोलणारी इली नाय." लोक भले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, हसले असते तर बरं झालं असतं.

मी तिथे नव्हते. असते तर त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक वाक्य उचललं असतं. दोघांनी मिळून वाचायची अशीच पद्धत आहे, असं लोकांना वाटलं असतं. इतकं साधं होतं ते. ही रुखरुख जात नाही.

त्यानंतर तात्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. मी समजवायला गेले तर म्हणाले, "माझो आवाज पुढे जाणारो नाय, चेडवा. तो बाजूक जाता." मी म्हटलं, सवयीने होईल, पुन्हा बघू. त्यांनी पुस्तकावर टिचकी मारली. विषय संपला.

वडील घरी आले. बघायला येणारा प्रत्येक जण ते बहिरे झाल्यासारखा ओरडायचा, ओळखलंस का, कोण आलंय सांग. वडील नुसते बघायचे. एका दुपारी तात्या आले, डाव्या बाजूला स्टूल ओढून बसले. उशाशी माझं पुस्तक होतं. वडिलांचं शिक्षण चौथीपर्यंत, त्यांनी ते वाचलं नव्हतं, पण येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. तात्यांनी ते उघडलं आणि त्यांच्या कानाशी कुजबुजले, "आमच्या खोलीत खिडकी एकच होती..." आणि थांबले.

वडिलांचे ओठ हलले. आवाज आला नाही. तात्यांनी पुन्हा तेवढंच दिलं, पुन्हा थांबले. त्यांना कसलीच घाई नव्हती. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले, रोज दुपारी यायला लागले. एकदा मी ऑफिसातून चाळीत पोचले तर आई सुई हातात धरून दारातच उभी होती. आतून वडिलांचा आवाज येत होता, जड, वाकडा, "खिडकी". तात्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढचं अर्धं वाक्य दिलं.

मी त्यांना म्हटलं, तात्या, हेच तुमचं वाचन. ते चिडले. "ह्यां वाचन नाय. ह्यो प्रॉम्प्ट. वाचन गिरगावात होता, ता माझ्याच्यान झाला नाय." मी खूप बोलले. पदवी घेऊन जेवढं बोलता येतं तेवढं बोलले. त्यांना पटलं नाही.

मग चाळ पाडायची ठरली. तात्या आणि काकू मालवणकडे गावी गेले, तेव्हा ती कथा वडिलांच्या तोंडी निम्मीच बसली होती. उरलेली मी तशीच, अर्ध्या अर्ध्या वाक्याने, त्यांना देत राहिले. फोनवर तात्या दोनच गोष्टी विचारायचे. बाप कुठवर पोचला, आणि गिरगावातले लोक तुला परत बोलवतात का. आपल्यामुळे माझं तिथलं दार बंद झालं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. गिरगावकरांनी मला पुन्हा बोलावलं, मी वाचून आले, हे मी त्यांना मुद्दाम फोन करून कळवलं. "बरा झाला," म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला. आपला कार्यक्रम झाला नाही हे ओझं घेऊनच ते गेल्या शिमग्याच्या आधी वारले. त्यांच्या मुलाने कळवलं तेव्हा मी दादरला एका वाचनाच्या तयारीत होते. ते वाचन मी केलं. थांबायचं तिथे थांबले.

संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली आहे. चाळ गेल्यापासून आईवडील अँटॉप हिलला माझ्या घरी असतात. वडील पाणी मागतात, माझं नाव घेतात, आणि खिडकीची कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतात. प्रत्येक वाक्याच्या मध्यावर थांबतात, डावीकडे बघतात, आणि पुढचं अर्धं वाक्य आपलं आपण बोलतात.