सरकीच्या तेलाचे सहा टक्के

पुंजाजी म्हणजे तेलाचा माणूस. दर्यापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्याचा उभा जन्म गेला, काम एकच, यंत्रांचं तेलपाणी. सरकीच्या तेलात भिजलेलं फडकं सदा खांद्यावर. जिनिंग बंद पडलं तेव्हा तो आणि मी दोघंही गावाबाहेरच्या गॅस प्लांटवर लागलो. मी कॉम्प्रेसरवर, तो साफसफाईवर. शेण आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, कुजवून गॅस करायचा, शुद्ध करायचा आणि गाड्यांसाठी विकायचा, असा हा प्लांट.

गॅसमध्ये मिथेन किती, ते एक मीटर सांगायचं. दोन काचांच्या मधून गॅस जातो. एका काचेतून डोळ्याला न दिसणारा उजेड सोडतात. मिथेन त्यातला आपला वाटा खातो, उरलेल्या उजेडावरून मीटर टक्के काढतं. नव्वदच्या वर असेल तरच गॅस विकता येतो. आमचा सत्त्याऐंशीवर अडून बसलेला. मालक भगवंतरावांनी सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत नव्वद दिसले नाहीत तर कुलूप. म्हणजे आम्ही सगळे घरी. पुंजाजी आणि मी तर दुसऱ्यांदा.

आणि एका सकाळी मीटरनं त्र्याण्णव दाखवले! केमिस्ट रश्मी मॅडम अकोल्याहून रोज यायच्या, एरवी हसण्याची टंचाई, त्यांनीही पेढे मागवले. भगवंतरावांनी गॅस न्यायला ट्रक बोलावला. मी तर बायकोला फोन करून मोकळा झालो.

ट्रक यायच्या आधी पुंजाजीनं गॅसची लाइन बंद करून मीटरमधून साधी हवा सोडली. तसा नियमच होता. हवेत धरण्यासारखा मिथेन नसतो, आकडा शून्यावर यायला पाहिजे. आला सहावर. पुन्हा सोडली. सहाच.

"काल काचा म्या पुसल्या," तो हळूच म्हणाला. काचांचं काम पहिल्यांदाच त्याच्याकडे आलं होतं. "तेलाचा हात फिरवल्याबिगर मले चैनच पडत नाही ना."

"चूप राय पुंज्या," मी म्हटलं. "ट्रक भरू दे, जाऊ दे."

"मॅडमले सांगतो."

"काहून? येडा झाला का बे?"

गेलाच. मॅडमचा चेहरा उतरला. मिथेन खातो तोच उजेड तेलही खातं, म्हणून मीटरनं तेलसुद्धा गॅसमध्ये मोजलं होतं. त्यांनी काचा स्पिरिटनं पुसल्या. हवेचा आकडा शून्य झाला, गॅसचा सत्त्याऐंशी. ट्रक रिकामा परत गेला. भगवंतराव पुंजाजीला एवढंच म्हणाले, "सांगायची काय घाई होती?" दिवाळीआधी कुलूप लागलं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. घरात चूल माझीही होती. त्याची बायको वच्छला तर आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. वाढायची आणि उठून जायची.

आता तो बाजार समितीत पोती उचलतो, या वयात. परवा बसस्टँडवर भेटला. हाताला घट्टे पडलेले. मी विचारलंच.

"पस्तावा होते का बे?"

"होते ना. रोज होते," तो म्हणाला. "पण आकडा खोटा होता."