शेवटून वाचणारी बाई

तुळजापुरात स्टँडकडून देवळाकडे जाताना एक लॉज लागतं. त्याच्या जिन्याखाली शिवकांताचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दहाव्याचे कागद, दुकानांच्या पाट्या, काहीही मजकूर असो, तिच्या हातून गेला की त्यात एक काना इकडचा तिकडे झालेला सापडत नाही. हे गिऱ्हाइकाला तीच सांगते. "दुसरीकडं स्वस्तात मिळंल. पण तिथं चिरंजीवाचा चिरंजिव होतो. तुमचं तुम्ही बघा." गिऱ्हाईक थोडं बघितल्यासारखं करतं आणि तिच्याकडेच काम देऊन जातं.

तपासायची तिची रीत वेगळी आहे. ती मजकूर शेवटून वाचते. सगळ्यात खालच्या ओळीतला शेवटचा शब्द, मग त्याच्या अलीकडचा, असं करत वर. पुढून वाचायला लागलं की माणूस गोष्टीत गुंततो आणि गुंतलेल्या डोळ्याला चूक दिसत नाही, असं तिला तिच्या पहिल्या मालकानं शिकवलं होतं. ते डोळ्यांना इतकं बसलं की आता किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती खालून वर वाचते.

लोक मोबाइलवर लिहायला लागले तेव्हापासून तिच्या डोक्याला ताप झाला. 'हार्दीक शुभेच्छ्या' बघितलं की तिला पहाटेचा चहा कडू लागायचा. 'भावपुर्ण श्रध्दांजली' आलं की ती म्हणायची, "मेलेल्या माणसाला तरी धड लिहा. तो काय परत येऊन दुरुस्त करणार आहे?" सासरच्या मंडळींचा 'आपलं कुटुंब, अणदूर' नावाचा ग्रुप होता. तिथं कुणी काही टाकलं की पाठोपाठ शिवकांताची दुरुस्ती यायची. पुतण्यानं, कुलदीपनं, तिचं नाव वेलांटीकाकी पाडलं होतं. तिला ते ठाऊक होतं. त्यात आपला अपमान आहे असं तिला कधी वाटलं नाही.

त्या दिवशी सकाळी ती एका पत्रिकेवरची नावं तपासत होती. नावं म्हणजे नाजूक काम. एखाद्या आत्याचा नवरा राहिला तर मांडवात भांडण. तेवढ्यात मोबाइल वाजला. अयोध्याचा, तिच्या धाकट्या जावेचा, मेसेज होता. अयोध्या सातवीपर्यंत शिकलेली. तिनं ग्रुपवर कधी हात जोडलेल्या चित्रापलीकडे काही टाकलं नव्हतं. आज तिचा लांबलचक मजकूर आला होता. शिवकांतानं सवयीनं तळापासून सुरुवात केली, वर पोचली आणि लिहून टाकलं: "म्हणणं. कुणाचं. थोबाडीत. म्हणून. नाही. मी. अनुस्वार तर सगळीकडेच राहिलेत. पाठवण्याआधी एकदा वाचत जा." मग ती पुन्हा पत्रिकेतल्या आत्याकडे वळली.

ग्रुपवर कुलदीपचा हसरा चेहरा आला. त्याच्यामागे आणखी दोघांचे आले. मग खाली बारीक अक्षरांत आलं, अयोध्या यांनी ग्रुप सोडला.

थोड्या वेळानं वरच्या लॉजवर मॅनेजर असलेला तिचा नवरा इंद्रजित जिना उतरून आला. "हे तू वाचलंस का?"

"वाचलं म्हणूनच तर लिहिलं."

"पुढून वाचलंस का, म्हणतो मी."

शिवकांतानं मोबाइल उचलला आणि वरून सुरुवात केली.

'शिवांजलीच लग्न मोडल. मि मोडल. तिने मोबाईल दाखवला नाहि म्हनुन पोरान तिला तुळजापुरच्या स्टँडवर लोकात थोबाडित मारली. आज स्टँडवर मारतो उद्या घरात मारल. मला बरोबर वाटल ते केल. कुनाच काय म्हनन असल तर सांगा.'

शिवांजली म्हणजे अयोध्याची लेक. स्टँड शिवकांताच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर होता.

"रामकिसनचा फोन होता," इंद्रजित म्हणाला. रामकिसन म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, अयोध्याचा नवरा. "सोयरीक जुळवणारे ते धुळाप्पा आज संध्याकाळी पोराकडच्यांना घेऊन अणदूरला येणार आहेत. झालं गेलं मिटवू म्हणतात. अन् रामकिसन निम्मा वळलाय. म्हणतो, ग्रुपवर कुणी एका शब्दानं अयोध्याला बरं म्हटलं नाही. वहिनी तर चुका काढत बसल्या. म्हणजे घराला हे पटलेलं नाही."

सासूबाई गेल्यापासून घरातल्या मुलींच्या सोयरिकीत थोरल्या जावेचा शब्द शेवटचा असायचा. तो शब्द आज असा गेला होता. शिवकांतानं संगणक बंद केला, शटर ओढलं आणि अणदूरवरून जाणारी उमरग्याची एसटी धरली.

अणदूरला पोचली तेव्हा अयोध्या ओसरीत तूर पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"या अक्का. लाल पेन आनलंय का?"

"अयोध्या, माझी चूक झाली."

"अगं बया! तुमची? चुका तर आमच्या असत्यात."

"मी शेवटून वाचते गं. सवय आहे. काय लिहिलंय ते डोक्यात शिरलंच नाही."

सूप थांबलं. "म्या लिवताना दोनदा रडले, अक्का. एक-एक अक्षर हुडकून लिवलं. अन् तुमी उलटं वाचलं?"

शिवांजली आतून पाणी घेऊन आली. बी.एस्सी.ला होती, सोलापूरला. तांब्या खाली ठेवत म्हणाली, "काकी, मला मोडायचंच होतं. आईनं माझ्याआधी तोंड उघडलं, एवढंच."

शिवकांतानं तिला जवळ बसवलं आणि जावेला म्हणाली, "तू बरोबर केलंस. मी असते तर त्याच्या कानाखाली परत दिली असती."

"हे हितं बोलून काय उपेग?" अयोध्यानं सूप पुन्हा हलवलं. "हितं म्या हाय, पोरगी हाय अन् तूर हाय. आमा तिघींना पटलंय. माझी खोड काढली ती चारचौघांत. अन् शाबासकी द्यायची ती कोपऱ्यात व्हय? नगं मला असली."

शिवकांता उठली नाही, रागावलीही नाही. तिला हिशेब चोख वाटला. तिनं मोबाइल काढला. आयुष्यभर दुसऱ्यांचे मजकूर जुळवलेले, म्हणून बोटं आपोआप 'सप्रेम नमस्कार' लिहून मोकळी झाली. ते तिनं खोडलं. मग लिहिलं:

'अयोध्यानं शिवांजलीचं लग्न मोडलं. बरोबर केलं. लग्नाआधी भर स्टँडवर हात उचलणाऱ्याच्या घरी आपली मुलगी जाणार नाही. हे थोरली म्हणून सांगते. सकाळी मी मजकूर समजून न घेता चुका काढल्या, तो माझा मूर्खपणा. ज्यांनी त्यावर हसणारे चेहरे टाकले त्यांनी ते काढावेत. कुलदीप, आधी तू.'

पाठवून तिनं मोबाइल अयोध्याच्या पुढ्यात, तुरीशेजारी ठेवला. अयोध्या ओठ हलवत सगळं वाचून गेली. तिचं होईस्तोवर कुलदीपचा चेहरा गेला आणि 'काकी चुकलो' आलं. मग एका चुलत्याचं 'योग्य निर्णय' आलं, आणखी एकाचं आलं. एरवी सणाच्या फुलांपलीकडे न जाणारी माणसं पटापट बोलायला लागली.

रामकिसन गोठ्याकडून मोबाइल हातात धरूनच आला. "वहिनी, तुमी कधी आलात? अन् हे... धुळाप्पा तर नळदुर्गापर्यंत आलेत म्हणं."

"मग लवकर फोन करा भावजी. त्यांचं डिझेल वाचंल."

"आता ऐनवेळी कसं सांगायचं? मोठी माणसं हायती ती."

"आपण काय लहान आहोत का? मी लिहिलंय ते वाचून दाखवा. माझं नाव घेऊन सांगा."

रामकिसननं बायकोकडे बघितलं. ती खडे वेचत होती. मुलीकडे बघितलं. शिवांजली त्याच्याकडेच बघत होती, पापणी न हलवता. त्यानं फोन लावला.

"धुळाप्पा, गाडी वळवा. न्हाय, न्हाय, मिटवायचं कायबी न्हाय. आमच्या घरानं ठरवलंय."

पलीकडचा आवाज ओसरीत सगळ्यांना ऐकू आला. "अरे रामकिसन, बायांच्या बोलण्यावर चालतूस व्हय?"

रामकिसन ओसरीत ताठ उभा राहिला. "व्हय. दोघींचं बोलणं हाय. अन् आता माझंबी." त्यानं फोन बंद केला आणि खिशात घालताना तो दोनदा निसटला.

शिवांजली उठून चहा टाकायला गेली. जाता जाता तिनं वडलांच्या खांद्याला हात लावला.

"आण तुझा मोबाइल," शिवकांता जावेला म्हणाली. "ग्रुपात परत घेते तुला."

अयोध्यानं सुपातली निम्मी तूर परातीत ओतली आणि परात तिच्याकडे सरकवली.

"राहू द्या आजचा दिवस. मला जे सांगायचं हुतं ते म्या लिवलंय. आता त्यास्नी वाचत बसू द्या."