पाण्यावर ढकललेले दात

नव्वदच्या दशकात तेव्हाच्या आंध्रातल्या भैंसा गावात माझा दातांचा दवाखाना होता. आमच्याकडे कुणाचेही दात तपकिरी दिसले की डॉक्टरपासून कापसाच्या जिनिंगमधल्या हमालापर्यंत सगळे एकच सांगत, बोअरचं पाणी, त्यातलं फ्लोराइड. मीही तेच सांगायचो, तोंडात धड न बघता.

महाराष्ट्राच्या सीमेवरच्या खेड्यातली एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे दुधाचे दात राखाडी होते, झिजलेले. "बोअर बंद, विहिरीचं पाजा," असं सांगून मी दोन मिनिटांत त्यांना वाटेला लावलं.

दोन वर्षांनी त्या परत आल्या.

"डाक्टरसाब, नाल्यापल्याडच्या इहिरीचं पानी आनून राह्यली मी, रोज. मंग इचे नवे दात काऊन झिजून राह्यले?"

नव्या दाढांचे टवके उडाले होते, दाढा हिरडीपर्यंत घासल्या होत्या. तेव्हा कुठे मला एक्स-रे काढायची बुद्धी झाली. फिल्म धुऊन खिडकीशी धरली. दाताच्या मधोमध नसेची काळी पोकळी दिसायला हवी. ती कुठल्याच दातात नव्हती, सगळं पांढरं, बुजलेलं. दाताचं डोकं फुगीर, मान आवळलेली, मुळं आखूड. पाण्याने दात डागाळतात, पण नसेची जागा अशी बुजत नाही. हे पिढीजात, रक्तातून आलेलं होतं. कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं! दाढा उगवताच त्यांवर स्टीलच्या टोप्या बसवल्या असत्या, तर वाचल्या असत्या. आता टोपी धरायला दाढच उरली नव्हती.

"घरात आणखी कुणाचे दात असे आहेत?" मी विचारलं.

बाईने दोन्ही खेपांना तोंडावर पदर धरला होता, मला तो लाजेचा वाटला होता. ती बेसिनकडे वळली, चूळ भरली. दातांवरची तंबाखूची काळी मिश्री धुऊन निघाली, तेव्हा हिरडीच्या बरोबरीची तपकिरी खुंटं दिसली.

"माह्या मायनं लगनाआदी मिश्री लावाले शिकोलं. कोनाले दिसू नये म्हून. तिचेबी असेच होते."

मी सांगून टाकलं, पाण्याचा काही संबंध नव्हता, चूक माझी. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने मुलीकडे पाहिलं.

"मंग इलेबी आतापासूनच मिश्री लावू काय, साब?"

मिश्री सोडा म्हणून बायांना रोज दटावणारा मी. 'नको' म्हणायच्या ऐवजी मी फिल्म पुन्हा खिडकीशी धरली.